सावली आखूड असते तेव्हा

‘कोवळ्या उन्हात बसत जा’ हा सल्ला मराठवाड्यात घरोघरी फुकट मिळतो. बाळंतिणीला मिळतो, गुडघे धरून उठणाऱ्या आजीला मिळतो, आणि हल्ली रक्ताच्या रिपोर्टवर ‘व्हिटॅमिन डी : ११’ हा आकडा पाहून हबकलेल्या बारावीच्या पोरालाही मिळतो. सल्ल्यामागची माया खरी आहे. थंडीत सकाळी सातच्या उन्हात पाठ शेकत बसण्याचं सुखही खरं आहे. पण ड जीवनसत्त्वाच्या हिशोबात त्या उन्हाची किंमत जवळजवळ शून्य आहे. हाडांच्या कामाचं ऊन वेगळं असतं, आणि नेमकं तेच आपण डोक्यावर रुमाल टाकून चुकवत असतो.

सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांपैकी एक अरुंद पट्टा, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, आपल्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतो. त्याला ‘यूव्हीबी’ म्हणतात. सूर्य क्षितिजाजवळ असला की त्याचे किरण तिरपे येतात, त्यांना वातावरणातून आणि ओझोनच्या थरातून लांबचा रस्ता कापावा लागतो, आणि यूव्हीबी वाटेतच गिळला जातो. खाली पोचतो तो उजेड आणि ऊब. म्हणून सकाळचं ऊन अंगाला गोड लागतं आणि कातडीच्या आतल्या कारखान्याला मात्र सुरू करत नाही.

कारखाना कधी सुरू होतो हे ओळखायला यंत्र लागत नाही. स्वतःची सावली पाहा. ती तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, म्हणजेच सूर्य ४५ अंशांपेक्षा वर असेल, तर यूव्हीबी पुरेसा आहे. सावली लांब असेल तर आत गेलात तरी काही बिघडत नाही.

आता हा हिशोब आपल्या गावांना लावू. लातूर सुमारे १८.४ उत्तर अक्षांशावर आहे, नांदेड १९.१ वर. डिसेंबरच्या शेवटी, सूर्य सर्वात दक्षिणेला असताना, नांदेडला भर दुपारी तो साधारण ४७ अंशांवर असतो आणि लातूरला ४८. साडेपाच फुटी माणसाची सावली तेव्हा जेमतेम पाच फूट पडते. म्हणजे वर्षातल्या सर्वात वाईट दिवशीसुद्धा इथं कामाचं ऊन मिळतं. लंडन-बर्लिनच्या लोकांना हिवाळ्याचे काही महिने ते मिळतच नाही. पण आपल्याकडेही कामाच्या उन्हाची वेळ त्या दिवसांत थोडीच असते. या दोन्ही शहरांत खरी मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला आहोत, त्यामुळे डिसेंबरात सूर्य माथ्यावर येतो बारा वाजून वीस मिनिटांच्या आसपास, आणि सावली उंचीपेक्षा आखूड असते ती साधारण सव्वाअकरा-साडेअकरा ते सव्वा या वेळात. तेवढीच. आठच्या कोवळ्या उन्हात महिनाभर बसूनही रिपोर्ट का हलत नाही, याचं उत्तर इथं आहे.

उन्हाळ्यात गणित उलटं होतं. मेच्या मध्यावर सूर्य या दोन्ही शहरांच्या बरोबर डोक्यावरून जातो. ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, तो हाच. त्या दिवसांत सकाळी सव्वानऊलाच सावली उंचीपेक्षा आखूड झालेली असते. म्हणजे पारा ४२ वर असताना दुपारी बाराला गच्चीवर जाऊन उष्माघात ओढवून घेण्याची मुळीच गरज नाही. मे महिन्यात साडेनऊ-दहाचं ऊन, आणि डिसेंबरात बारा-साडेबाराचं. सल्ला द्यायचाच असेल तर असा द्यावा. गच्चीवर कुरडया-पापड घालायला दहाच्या सुमारास चढणाऱ्या बायका नकळत नेमकी वेळ साधत असत.

कातडीत काय होतं तेही थोडं पाहू. कोलेस्टेरॉलचाच एक जवळचा नातलग, सेव्हन-डिहायड्रोकोलेस्टेरॉल, कातडीत आधीच हजर असतो. यूव्हीबीचा किरण पडला की त्याच्या रेणूतलं एक कडं तुटतं आणि पुढं शरीराच्या उष्णतेनंच त्याचं ‘डी-थ्री’ होतं. हे रक्तातून यकृतात जातं, तिथं त्यात एक फेरफार होतो. मग मूत्रपिंडात दुसरा, आणि तेव्हा कुठं ते कामाला लागतं. अंतिम रूप हे खरं तर संप्रेरक आहे. जीवनसत्त्व हे नाव इतिहासानं चिकटवलेलं. प्रयोगशाळेत आपण मोजतो ते यकृतातून निघालेलं मधलं रूप, कारण ते दोन-तीन आठवडे रक्तात टिकतं आणि शरीरातल्या साठ्याचा अंदाज देतं.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात. काचेतून यूव्हीबी येत नाही, त्यामुळं बंद खिडकीशी किंवा गाडीत बसून घेतलेलं ऊन हिशोबात धरायचं नाही. ऊन जास्त झालं म्हणून ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर कातडी जादा माल निरुपयोगी पदार्थांत बदलून टाकते. तेव्हा कातडी भाजेपर्यंत बसण्यात फायदाही नाही. आणि सावळ्या-काळ्या रंगाला वेळ जास्त लागतो. मेलॅनिन हे आपलं नैसर्गिक छत्र आहे, ते याही किरणांना अडवतं. त्यामुळं युरोप-अमेरिकेच्या पुस्तकातली ‘दहा मिनिटं पुरेत’ ही शिफारस आपल्या रंगाला लागू पडत नाही. हात कोपरापर्यंत, पाय गुडघ्यापर्यंत आणि चेहरा उघडा ठेवून अर्धा ते पाऊण तास, आठवड्यातले बरेचसे दिवस, हा आपल्याकडे व्यवहार्य अंदाज. वय वाढलं की कातडीची क्षमताही घटते. सत्तरीतली कातडी तरुणपणाच्या निम्म्याहून कमी ड बनवते. आजीला नातवापेक्षा जास्त ऊन हवं, आणि मिळतं मात्र कमी.

हे सगळं शरीर करतं ते मुख्यतः कॅल्शियमसाठी. पुरेसं ड असेल तर अन्नातल्या कॅल्शियमपैकी ३० ते ४० टक्के आतड्यातून शोषलं जातं. नसेल तर १०-१५ टक्क्यांवर गाडी अडते. रक्तातली कॅल्शियमची पातळी मात्र शरीर ढळू देत नाही, कारण हृदय आणि स्नायू तिच्यावर चालतात. मग हाडांकडे मागणी जाते. हाड म्हणजे कॅल्शियमचं पेव. गळ्यातल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी हुकूम काढतात आणि पेव उपसायला सुरुवात होते. वरून काही दिसत नाही, रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल येतं, आणि पेव आतून रितं होत राहतं. लहान मुलात याचं रूप म्हणजे मुडदूस: मनगटं रुंद होतात, पाय धनुष्यासारखे वाकतात. मोठ्या माणसात हाडं मऊ पडतात, बरगड्या-नडग्या दाबल्या की दुखतात, आणि मांड्यांचे स्नायू असे दुबळे होतात की उकिडवं बसलेलं माणूस हात टेकल्याशिवाय उठू शकत नाही.

या रोगाचा आणि उन्हाचा संबंध उलगडण्यात महाराष्ट्राचाही एक धडा आहे. १८९० साली थिओबाल्ड पाम या ब्रिटिश डॉक्टरनं देशोदेशींच्या नोंदी गोळा करून म्हटलं होतं की मुडदूस उन्हाच्या टंचाईतून येतो. फार कोणी ऐकलं नाही. पुढं मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून आहाराकडे बोट दाखवलं, तर १९१९ मध्ये बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी अतिनील दिव्याखाली मुडदुसाची मुलं बरी करून दाखवली. आहार की ऊन, असा वाद जोरात असताना १९२२ मध्ये हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांचा लेख आला, आणि त्यातली निरीक्षणं नाशिकची होती. गरीब, निकृष्ट खाणाऱ्या, पण दिवसभर उघड्यावर राबणाऱ्या कुटुंबांत त्यांना मुडदूस क्वचितच दिसला. तो सापडला चांगलंचुंगलं खाणाऱ्या घरांत, जिथं बायका पडद्यात आणि लेकरं त्यांच्याबरोबर आतल्या अंधाऱ्या खोल्यांत असत. हिंदू घर असो की मुसलमान, फरक पडद्यानं पडत होता. श्रीमंतीनं आणलेला कुपोषणाचा रोग. यासारखी उलटी गोष्ट वैद्यकात फारशी नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी या घटकाला ‘डी’ हे अक्षर दिलं, आणि १९२८ चं रसायनशास्त्राचं नोबेल विंडाउस यांना मिळालं ते स्टेरॉल आणि त्यांचं जीवनसत्त्वांशी नातं उलगडल्याबद्दल. पण मला नाशिकचा लेख जास्त मोलाचा वाटतो, कारण तो आजच्या लातूर-नांदेडचा नकाशा आधीच काढून ठेवतो.

आजचा पडदा वेगळा आहे, इतकंच. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरकडे एक चक्कर मारा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी करणारी पोरं आसपासच्या जिल्ह्यांतून, सीमेपलीकडच्या तेलंगण-कर्नाटकातूनही इथं येऊन राहतात. सकाळी क्लास, मग मेस, मग अभ्यासिकेतला पार्टिशनचा खण, एसी, ट्यूबलाइट, रात्री पुन्हा टेस्ट. सूर्य माथ्यावर असतो तेव्हा ही मुलं छताखाली असतात, आणि छताखाली असणं हाच त्यांच्या मेहनतीचा पुरावा मानला जातो. मुलगी स्कूटीवर निघालीच तर स्कार्फ, सनकोट, हातमोजे असा बंदोबस्त; डोळे तेवढे बाहेर. उन्हानं काळी पडशील ही भीती घरातूनच भरलेली असते. हे वय १५ ते १८ चं. माणसाच्या हाडांतला नव्वद टक्क्यांच्या आसपास साठा विशीच्या आतच भरला जातो. जन्मभर पुरवायचं पेव ज्या वर्षांत भरायचं, तीच वर्षं आपण अंधारात घालवायला लावतो. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शिकवणीनं हजारो डॉक्टर घडवले, त्याबद्दल आदरच आहे. पण वेळापत्रकात मधल्या सुट्टीला जागा ठेवायची राहून गेली.

शेतात राबणारी माणसं तरी सुटली असतील असं वाटतं. काही अंशी सुटली आहेत. एम्सच्या रवींदर गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या दिल्लीतल्या पाहणीत हिवाळ्यातही उघड्यावर राबणाऱ्या जवानांची पातळी डॉक्टर-परिचारिकांपेक्षा कितीतरी चांगली निघाली होती. रुग्णांना ऊन घ्या सांगणारे स्वतःच सर्वात रिकामे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी ११३७ निरोगी तरुणांची पातळी मोजली; २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ७० टक्के लोक मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या खाली होते. पण तिरुपतीच्या हरिनारायण यांनी आंध्रातल्या खेड्यांत केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शहरापेक्षा बरी स्थिती असूनही गावकऱ्यांतही कमतरता मोठी आढळली. याचं एक कारण आपल्या शिवारात उभं राहून दिसतं. सोयाबीन काढायला किंवा कापूस वेचायला गेलेली बाई साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवते, तोंडाला फडकं बांधते. काटे, कूस आणि उन्हाचा तडाखा यांपासून ते संरक्षण आहे आणि ते योग्यच आहे. पण आठ तास उन्हात असून तिच्या कातडीपर्यंत ऊन पोचतं ते पंजांपुरतं.

दुसरं कारण ताटात आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. हरिनारायण यांच्याच अभ्यासात कमी कॅल्शियम आणि जास्त फायटेट ही जोडगोळी पुढं आली. फायटेट हा धान्य-डाळींच्या टरफलाजवळचा घटक. तो कॅल्शियमला धरून ठेवतो, शोषू देत नाही. आणि कॅल्शियम कमी पडलं की शरीर ड जीवनसत्त्वही भराभर खर्चून टाकतं. म्हणजे नुसती ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण आणि ठेचा असा आहार असेल, तर मिळालेलं ऊनही लवकर संपतं. भाकरीला दोष द्यायचं कारण नाही. तिच्या शेजारी दही-ताक हवं. आंबवण्यानं फायटेट कमी होतं, आणि याचा आपल्याकडचा झकास नमुना म्हणजे आंबील: ज्वारीचं पीठ, ताक, वर मुरवलेलं. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, लातूर आणि शेजारच्या भागातली शहरं ओस पडतात आणि अख्खी घरं शेतात जाऊन भज्जी-आंबील खातात. डिसेंबर-जानेवारीची भर दुपार, उघडं शिवार, पोटात आंबील. पोषणशास्त्रज्ञानं सण आखला असता तर तो असाच आखला असता. अडचण एवढीच की तो वर्षातून एकदाच येतो आणि ड जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत ओसरतो.

देवणी आणि लाल कंधारी या गायींचा हा मुलूख. दूध कॅल्शियमसाठी उत्तमच; एका मोठ्या पेल्यात तीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज हजार मिलिग्रॅमची. तिळाची चटणी, राजगिऱ्याची भाजी, शेवग्याचा पाला यांनी बाकीची भर निघते. पण साध्या दुधात ड जीवनसत्त्व नसल्यात जमा. अंड्याच्या एका बलकात सुमारे ४० युनिट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज ६०० युनिट हवीत, म्हणजे पंधरा अंडी. तेलकट समुद्री मासे मराठवाड्यात कोण रोज आणणार? राहता राहिलं पिशवीचं दूध आणि डब्यातलं तेल. त्यावर अधिक चिन्हापुढं ‘एफ’ असं निळं चिन्ह असेल तर त्यात अ आणि ड मिसळलेलं असतं. तेवढं पाहून घ्यायला हरकत नाही, पण त्यावर सगळी मदार नको.

आता रिपोर्टवरच्या आकड्याकडे येऊ. १२ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ती खरी कमतरता, यावर फारसा वाद नाही. वाद आहे वरच्या रेषेचा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका अधिकृत समितीनं म्हटलं, २० पुरेत. त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटी या अंतःस्राव तज्ज्ञांच्या संस्थेनं सांगितलं, ३० हवेत. जगभरच्या अनेक लॅबनी ३० उचलले, आणि एका रात्रीत कोट्यवधी धडधाकट माणसं ‘अपुरी’ ठरली. २०२४ मध्ये याच संस्थेनं ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांनी ऊठसूट ही तपासणी करू नये असं सांगितलं. तेव्हा फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये २३ आकडा येऊन त्याखाली लाल रेघ असेल, तर झोप उडवून घेऊ नका.

ड जीवनसत्त्वावर गेली वीस वर्षं फार गोष्टी लादल्या गेल्या: कॅन्सर, हृदयविकार, मधुमेह, उदासी. अमेरिकेत जोअॅन मॅन्सन यांच्या नेतृत्वाखाली २५,८७१ लोकांवर ‘व्हायटल’ नावाची चाचणी झाली, रोज २००० युनिट देऊन. २०१८ मध्ये निकाल आला: कॅन्सर किंवा हृदयविकाराचं प्रमाण घटलं नाही. २०२२ मध्ये तर हाडं मोडण्याचं प्रमाणही घटलं नाही असं दिसलं. यातून गोळी निरुपयोगी हा निष्कर्ष काढायचा नाही. त्यातल्या बहुतेकांची पातळी आधीच पुरेशी होती. भरलेल्या घागरीत ओतलेलं पाणी वाया जातं, रिकामीत ओतलेलं नाही. प्रश्न रिकामी कोण हे ओळखण्याचा आहे.

आपल्याकडे मात्र गोळी ओळखीच्या औषध दुकानातून सरसकट मिळते. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल, आठवड्याला एक, आठ आठवडे, हा डॉक्टरांचा नेहमीचा उपचार आहे आणि खऱ्या कमतरतेत तो चांगला चालतो. घोटाळा होतो तो आठवड्याची पुडी रोजची समजून घेतल्यानं, किंवा दोन महिन्यांचा कोर्स दोन वर्षं चालू राहिल्यानं. त्याहून वाईट सहा लाख युनिटचं इंजेक्शन: कंबर दुखते म्हणून एक, गुडघा दुखतो म्हणून महिन्याभरानं दुसरं. उन्हाला स्वतःचा ब्रेक आहे, सुईला नाही. जादा ड चरबीत साठतं, महिनोन्महिने उतरत नाही, रक्तात कॅल्शियम चढतं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान-लघवी, भ्रमिष्टपणा आणि शेवटी मूत्रपिंडाचं नुकसान. डॉक्टरी देखरेखीशिवाय प्रौढानं रोज ४००० युनिटच्या वर जाऊ नये, ही सर्वमान्य मर्यादा आहे.

शिवाय दुखणारं प्रत्येक हाड ड मागत नसतं. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, मान-पाठ ताठ होणं, सांधे आखडणं, ही त्याची खूण. तिथं पाणी बदलल्याशिवाय पुड्यांनी काही व्हायचं नाही. उलट कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचा त्रास वाढतो. म्हणजे दूध-ताकाचा मुद्दा तिथं आणखी जोरानं लागू.

मग तपासणी कुणी करावी? स्नायू दुबळे झालेले, हाडं दाबून दुखणारी माणसं. मूत्रपिंड किंवा यकृताचे रुग्ण. फिट्सच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असणारे, कारण फेनिटोइन आणि रिफाम्पिसिन ड लवकर जाळतात. घराबाहेर पडू न शकणारे वृद्ध. मूत्रपिंडाच्या रुग्णानं स्वतःच्या मनानं पुडी घेऊच नये. शेवटचा फेरफारच तिथं होत असल्यानं त्याला वेगळं औषध लागतं. तान्ह्या बाळाला तपासणीही नको आणि कोवळ्या उन्हाचा भरवसाही नको. आईच्या दुधात जवळजवळ सगळं असतं, ड तेवढं फार कमी असतं. म्हणून भारतीय बालरोग अकादमी पहिलं वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायला सांगते. तेल लावून, शेकून, दुपट्यात गुंडाळून बाळाला सातच्या उन्हात धरण्यात गैर काही नाही, पण थेंब चुकवू नयेत. बाटलीवर एका मिलिलिटरला किती युनिट लिहिलंय ते वाचून मगच ड्रॉपर भरावा, कारण कंपनीगणिक ते वेगळं असतं.

राहिली अभ्यासिकेतली पोरं. त्यांच्यासाठी पुडीपेक्षा स्वस्त उपाय क्लासचालकांच्या हातात आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मधली सुट्टी पावणेबारा ते साडेबारा ठेवायची आणि डबा गच्चीवर, बाह्या वर करून खायला सांगायचं. मार्चपासून तीच सुट्टी सकाळी दहाच्या सुमारास आणायची. गच्चीला कुलूप असेल तर ते काढायचं, कठडा उंच करून घ्यायचा, आणि पाण्याचा एक माठ वर ठेवायचा.